पुसल्या गेलेल्या सासूबाई

१२ जानेवारी

चि. भिंगरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र बघून दचकू नकोस, आम्ही दोघं ठणठणीत आहोत. फोनवर मला निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं मी मनाने रचतो, म्हणून लिहायला बसलो.

तू सुट्टीत येऊन टीव्हीशेजारी तो छोटा डबा बसवून गेलीस, त्यात घरच्या सगळ्या डीव्हीडी भरायचं मी मनावर घेतलं. एका प्रोग्रॅमने डीव्हीडी कॉम्प्युटरमध्ये ओढून घ्यायची, दुसऱ्याने तिची आटोपशीर फाइल करायची, सगळं तू सांगितलंस तसंच केलं. चष्म्याच्या दुकानात जन्म काढलाय मी, बारीक कामाला घाबरतो की काय!

पण आमच्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाची डीव्हीडी भरली आणि घरात महाभारत सुरू झालं. तुझ्या मामीचं म्हणणं, तिची आई त्यात हसताना दिसायची, ती आता दिसत नाही. मी अख्खी फाइल बसून पाहिली. सासूबाईंची पाठ एकदा दाराआड जाताना दिसते, बस्स. कॅमेरा दिसला की त्या पळायच्याच. मामीकडे तिच्या आईचं हलतं-चालतं असं दुसरं काहीच नाही, त्यामुळे ती ऐकायला तयार नाही. आरोप असा, की डीव्हीडी पुसता पुसता मी सासूबाईंनाच पुसून टाकलं!

खरंखोटं करावं तर जुन्या प्लेअरचा कप्पा उघडत नाही. शिवाय फाइलमध्ये माणसं हलली की त्यांच्या कडांना कंगव्याचे दात फुटतात, ते निराळंच. सध्या मला चहा मिळतो, पण तो समोर आदळला जातो. लवकर काहीतरी कर.

तुझ्यावर लोभ आहेच. उत्तर झटपट आलं तर वाढेलही.
तुझा मामा

२० जानेवारी

ती. मामास,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून ग्रंथालयात एकटीच हसत बसले. इथले कॉम्प्युटर सांभाळायला मला ठेवलंय, त्यामुळे हसायचं कारण सांगता येईना.

आधी मला सांग, तू डीव्हीडी गोल गोल पुसलीस ना? चष्म्याची काच पुसतोस तशी? अरे देवा! काचेला ते चालतं. डीव्हीडीवर चित्र गोल रेघेतच साठवलेलं असतं, त्यामुळे गोल ओरखडा अख्खी रेघ खाऊन टाकतो. मधून कडेकडे सरळ पुसायची. आता उगाच हात लावू नकोस.

कंगव्याच्या दातांना उपाय सोपा आहे. दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये डीइंटरलेस अशी एक चौकट आहे, तिथे खूण कर, दात पडतील. (तुझे पडले तसे नाही, चांगल्या अर्थाने.)

मामीच्या आईचं मात्र गंभीरपणे घेते. डीव्हीडीत एक मोठा तुकडा असतो आणि काही बारके. आपला प्रोग्रॅम बारके तुकडे कचरा समजून सोडतो. किमान लांबी लिहिलंय तिथे शून्य घाल आणि पुन्हा ओढून बघ. आजी बहुतेक तिथेच सापडतील. आणि मामीला नीट विचार, तिला नेमकं काय आठवतंय. तिच्याशी वाद घालू नकोस, नुसतं विचार.

मामीला नमस्कार. माया आहे तशीच राहू दे, आणि जरा धीरही धर.
तुझी भिंगरी

२९ जानेवारी

चि. भिंगरीस,
अ. उ. आशीर्वाद.

दात पडले. शाब्बास! शून्यही घातलं. एक बारका तुकडा सापडला, मी मामीला हाक मारून बोलावलं, ती हात पुसत धावत आली, आणि पडद्यावर काय? फोटोग्राफरच्या दुकानाची जाहिरात. तिचा चेहरा असा उतरला की मला माझीच लाज वाटली. चहा आता आदळला जात नाही, मुकाट्याने ठेवला जातो. मला आदळलेला परवडला.

तू सांगितलंस म्हणून वाद न घालता विचारलं. ती म्हणते, आई हसते, मग पुन्हा तशीच हसते, मग पुन्हा. मागे सनई नाही, नुसती बासरी. आणि कमरेखाली सगळी मोठी अक्षरं, त्यामुळे ती कशाला हसतेय ते कधी दिसलंच नाही. आता तूच सांग, माणूस तेच ते कशाला हसेल? आणि सासूबाई तर मुळात हसणाऱ्या नव्हत्या, निदान माझ्यासमोर तरी. आयुष्यभर जावईबापू जेवलात का, याच्यापुढे गाडी गेली नाही. दुकानातून त्यांना तीन चष्मे करून दिले, एकदाही छान म्हणाल्या नाहीत. नावडता जावई म्हणूनच मी निवृत्त झालो.

एवढं मात्र खरं, की ही डीव्हीडी लावली तर मामी चहा घेऊन येईपर्यंत सुरू करायची नाही, असा घरचा कायदा होता. आम्ही रिमोट धरून ताटकळायचो. ती आली तरी आणखी थोडं थांबा म्हणायची.

डीव्हीडी कापसात गुंडाळून सोबत पाठवतोय. पुसलेली नाही, शपथ! मामी टपालात टाकायला स्वतः आली होती. पाकीट तिच्या हातून सुटेना. जपून वापर गं, दुसरी नाही.

लोभ असू दे, आणि या वेळी यशही असू दे.
तुझा मामा

११ फेब्रुवारी

ती. मामास व मामीस,
सा. न. वि. वि.

सापडल्या! मामीचं शब्द न् शब्द खरं होतं आणि आपण दोघं शहाणे ठरलो.

मामा, तुझा तो घरचा कायदा वाचला आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. तुम्ही रिमोट धरून ताटकळायचात तेव्हा पडद्यावर काय असायचं? मेनू! सुरू करा असं लिहिलेला पहिला पडदा. फोटोग्राफरने त्याच्यामागे आजींचा छोटासा तुकडा फिरता ठेवलाय. कुणी बटण दाबेपर्यंत त्या हसतच राहतात. चहा आणेपर्यंत थांबा म्हणून मामी आईला भेटून घ्यायची, आणि तुम्हाला वाटायचं ती चहाला उशीर करतेय.

आपला प्रोग्रॅम सिनेमा उचलतो, मेनू टाकून देतो. मी तो वेगळा काढला. तुझ्या गोल ओरखड्यांनी माझा जीव घेतला. ग्रंथालयातल्या एका जुन्या ड्राइव्हने कुरकुरत का होईना वाचलं. पेनड्राइव्ह पाठवतेय, ती फाइल आपोआप फिरत राहील. मामी थांब म्हणेपर्यंत थांबणार नाही.

आणखी एक. अक्षरं चित्रात मिसळलेली नव्हती, वरून ठेवलेली होती. ती माझ्याकडे आलीच नाहीत, त्यामुळे खालचं सगळं आता दिसतं. काय दिसतं ते मी लिहिणार नाही. दोघांनी एकत्र बसून बघा, आणि मामा, चष्मा लावून बघ.

तुमच्या मायेची सवय झालीय, ती मोडू नका.
भिंगरी

१९ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
मामीचे पोटभर आशीर्वाद.

आमच्याकडे पत्रं लिहिणं तुझ्या मामांचं काम. आज ते टीव्हीसमोरून उठत नाहीत, म्हणून मी बसले.

आई आली गं. पुन्हा आली, पुन्हा हसली. मी रडले, त्यात लपवायचं काय? तिच्या कानातली कुडी हलते तेही दिसलं. मग मी पडद्यावर खाली पाहिलं, जिथे अक्षरं असायची.

तुझे मामा उकिडवे बसलेत, मान खाली घालून आईच्या चपलेचा तुटलेला बंद टाचतायत. आईचा एक पाय अनवाणी. आणि तिचा हात यांच्या टकलावर. त्यावर हलकेच थोपटतेय, यांच्याकडे बघतेय आणि हसतेय. कॅमेरा चालू आहे याचा पत्ताच नाही तिला. इतकी वर्षं त्या ‘सुरू करा’च्या अक्षरांनी नेमकं एवढंच झाकलं होतं.

यांनी खुर्ची टीव्हीजवळ ओढली. मग म्हणाले, चप्पल शिवलेली आठवते, डोक्यावरचा हातही आठवतो. वाटलं होतं, तोल जाऊ नये म्हणून धरलंय. मी वर बघितलंच नाही, म्हणाले.

मग चष्मा काढून पुसत बसले, गोल गोल. मी टोकलं नाही. चहा केला तो निवला, पुन्हा केला तोही तसाच आहे. फाइल अजून फिरतेय. बंद करू का म्हणून विचारलं, तर म्हणाले, थांब, आणखी थोडं.

अशीच आमची राहा. यांनीही आशीर्वाद सांगितलेत, टीव्हीवरची नजर न काढता.
तुझी मामी