दुसरा उपाय

बाबा, परवा सासूबाईंना घेऊन मुलुंडला कॅन्सरच्या डॉक्टरांकडे गेले होते. मशेरीची सवय, गालात गाठ, तुमच्यासारखीच उशिरा कळलेली. डॉक्टर माझ्याकडे न बघता सरळ त्यांच्याशी बोलले. "आजी, ऑपरेशन होणार नाही. रेडिएशन आणि केमो देता येईल, त्रास बराच होईल, काही महिने जास्त मिळतील. किंवा घरीच केमोच्या कमी ताकदीच्या गोळ्या आणि दुखण्यावर औषध. पूर्ण बरं होणं दोन्हीत कठीण आहे. काय करूया?" सासूबाईंनी विचारलं, "गोळ्या घेऊन जेवता येईल ना?" डॉक्टर म्हणाले, "मऊ असेल तर येईल, बरेच दिवस." "मग गोळ्याच द्या." पाच मिनिटांत झालं. मला मात्र खुर्चीतून उठवेना.

तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. गिरणी बंद पडल्यावर तुम्ही भांडुपच्या कारखान्यात लेथ चालवलीत, तोंडात कायम तंबाखूची गोळी. तोंड दोन बोटांएवढंही उघडेना तेव्हा कुठे दवाखान्यात आलात. गाठ जबड्यामागून कवटीपर्यंत पोचलेली. तपासण्या झाल्यावर डॉक्टरांनी मला एकटीला आत बोलावलं. बाहेर आले तर तुम्ही बाकावर ताठ बसलेले. तुम्ही विचारलंत, "औषधपाणी करून मी बरो होतलंय मां?" मी म्हटलं, "होणार बाबा. रेडिएशन घ्यायचं, बस्स."

आधी किडके दात काढले. मग तुमच्या चेहऱ्याच्या मापाची प्लास्टिकची जाळी बनवली. रोज ती तोंडावर घट्ट बसवून तुम्हाला टेबलाला जखडायचे. आठवड्याचे पाच दिवस रेडिएशन, त्यात सोमवारी सलाईनमधून केमो. तिसऱ्या आठवड्यात तोंडभर फोड आले, लाळ चिकट झाली, बोलणं बंद झालं, नाकातून नळी घातली. मी स्वयंपाकघरात पेज गाळतेय, तुम्ही दारात उभे. दर रविवारी बांगड्याचं तिखलं स्वतः करणारे तुम्ही, हातात पाटी, तिच्यावर लिहिलंय, 'आता पुरे.' मी ओरडले, "अर्धवट सोडायचं नाही! बरं व्हायचंय ना?" तुम्ही पाटी पुसलीत आणि शर्ट घालायला गेलात.

गाठ लहान झाली, हे खोटं नाही. दुखणंही उतरलं. सात महिने मिळाले. पण नळी शेवटपर्यंत निघाली नाही आणि बांगडा पुन्हा तुमच्या तोंडाला लागला नाही.

हे पत्र मी कुणाला दाखवणार नाही. हे वाचलं की भाऊ विचारेल, त्या दिवशी आत डॉक्टर नेमकं काय म्हणाले. सासूबाईंना जे सांगितलं तेच म्हणाले होते, बाबा. दोन उपाय सांगितले होते, बरं होण्याची आशा कमी हेही सांगितलं होतं, आणि "वडिलांना विचारा" असंही म्हणाले होते. मी विचारलं नाही. तुम्ही गोळ्या मागितल्या असत्या, हे मला बाहेर येतानाच ठाऊक होतं.