कलिंगडाबरोबरचा पाव

४ जुलै
ऑपरेशन पुढे ढकललं! क्रायोवा शहरातल्या डॉक्टरांनी माझ्या नवऱ्याला, पांदेलेला, तोंडावर सांगितलं, "आधी साखर उतरवा, मगच मोतीबिंदूला हात लावेन." घरी आल्यावर म्हणाला, "आजपासून कलिंगड बंद." उभा जन्म आमच्या दाबुलेनी गावच्या वाळूत कलिंगडं पिकवण्यात गेला याचा! मला रडूच आलं.

११ जुलै
गिऱ्हाईक आलं होतं. पांदेलेने नेहमीसारखी कलिंगडाला तिकोनी खाच पाडली, सुरीच्या टोकावर तुकडा पुढे केला. स्वतः चाखला नाही. गिऱ्हाईक म्हणालं, "मालकच खात नाही? मग माल फिकाच असणार!" — आणि गेलं की निघून! रंग कसा आहे हे पांदेलेला दिसतच नव्हतं.

१२ जुलै
पांदेलेचं बोट टोचून घरच्या यंत्रावर साखर पाहिली, आकडा मीच वाचला. तेवढीच. कशी काय?

१९ जुलै
आहाराचा सल्ला देणाऱ्या लिवियाबाईंकडे गेलो. वयाने लहान, पण फटकळ.
"कलिंगड सोडलंत, मग दुपारी खाता काय?"
"पाव. चीज."
"पाव किती?"
मीच सांगून टाकलं — अर्धा. आमच्या भट्टीतला, मोठा!
बाईंनी कपाळावर हात मारला. म्हणाल्या, इंडेक्स म्हणजे साखर किती झपाट्याने चढते ते. पण ताटात साखर चढवणारा माल मुळात आहे किती, ते सांगतो लोड. कलिंगडाचा इंडेक्स मोठा, पण फोडीत बहुतेक पाणीच, म्हणून लोड लहान. पावाचे दोन्ही मोठे.
चोर सोडून संन्याशाला सुळी दिली आम्ही!
पांदेलेची कळी खुलली. "म्हणजे अख्खं कलिंगड चालेल?"
"एक फोड, आजोबा! अख्खं खाल्लंत तर लोडही अख्खा."

२० जुलै
आज एक फोड, चिजाबरोबर. पाव नाही. "पावाशिवाय कलिंगड म्हणजे वाजंत्र्यांशिवाय लग्न," पांदेले कुरकुरला.
खरंच आहे ते. नवीन लग्न झालेलं, आम्ही दोघं शेतातल्या खोपीत राखणीला. चूल नव्हतीच. पांदेले गुडघ्यावर कलिंगड फोडायचा, मी पाव मोडायचे. रसात बुडवून खायचा, कोपरापर्यंत ओघळ! सासूबाई गाडीवरून ओरडायच्या, "राखताय की संपवताय रे?" तशी चव पुन्हा कशालाच आली नाही. एक दुपार तरी परत मिळावी असं फार वाटलं आज.

८ ऑगस्ट
साखर उतरतेय! दुपारी पांढऱ्या घेवड्याचं सार, मक्याच्या पिठाची घट्ट लापशी, आमची मामालिगा, मूठभरच. पांदेले म्हणतो, "कोंबड्यांना याहून जास्त घालतेस." पाव मात्र माझ्या हातून सवयीने तेवढाच भाजला जातो. टाकायचा कसा? पाप लागतं. मीच संपवते.

१७ सप्टेंबर
ऑपरेशन झालं! देवा, तुझे उपकार.

१८ सप्टेंबर
पट्टी काढली. पांदेले माझ्याकडे बघतच राहिला. मी म्हटलं, "काय, म्हातारी दिसले ना?"
"म्हातारी नाही गं. एवढा पाव खातेस आणि वाळलीस केवढी! हे मला कुणी सांगितलं का नाही?"
घरी येताच त्याने माझं बोट धरलं आणि टोचलं. यंत्रावरचा आकडा आता त्याला नीट वाचता येतो. वाचला, जुलैतल्या त्याच्या आकड्याहूनही मोठा, आणि माझं बोट सोडायलाच तयार होईना.