कॅन्टीनचे बाक

मंगळवार, संध्याकाळ

किळस आली आहे. ही दोनदा जेवायला बोलावून गेली, उठवत नाही.

दिवाळीपासून कंपनीत कोळसा नाही, बॉयलर थंड, पगार अडकलेला. तरी सकाळी मॅनेजर मला म्हणाले, "मुंबईचे गुंतवणूकदार येऊन राहिले आज. धुराडं चालू दिसलं पाहिजे."

जाळायचं काय? तर कॅन्टीनचे बाक. ज्यांवर बसून आम्ही बावीस वर्षं डबे खाल्ले, तेच सागवानी बाक. मीच फोडले, मीच बॉयलरमध्ये टाकले. पाहुणे धुराचे फोटो काढून गेले आणि दुपारी शेअर चढला. थू! बाजाराला म्हणे कंपनीचं सगळं आधी कळतं. बाक कळले का त्याला?

घरी आलो तर हिचा भाऊ पेढे घेऊन बसलेला. गांधीबागेत कापडाचं दुकान आहे त्याचं.

"भाऊजी, सकाळी कळमेश्वरहून येत होतो. तुमचं धुराडं चालू पाहिलं अन् गाडी थांबवून तिथंच शेअर घेतले. दुकान मोठं कराले ठेवले होते ते सगळे पैसे टाकले. लोक उगाच बोंबलून राहिले, कंपनी बुडाली म्हणून. बरोबर केलं नं?"

काहून गप्प बसलो मी? नोकरीची भीती? नोकरी तरी कुठे उरली आहे? बाक जाळले, एवढंच तर सांगायचं होतं.

त्यानं पेढा पुढे केला. मी खाल्ला. चांगला आहे म्हणालो. त्यानं दुसरा दिला, तोही खाल्ला.