आता चाल सावकाशची

सोमवार, ४

आले बाई एकदाची! घर लहान, पण कोणाच्या उपकाराचं नाही. बाहेरची खोली, मधली खोली, स्वयंपाकघर, अशा आगगाडीच्या डब्यांसारख्या एकापाठोपाठ एक खोल्या. बाहेर खिडकीशी टेबल आणि समोरासमोर दोन खुर्च्या, आधीच्या भाडेकरूच्या. नको असतील तर फेकून दे, असं घरमालकीण म्हणाली. कशाला फेकू? एकीवर मी बसेन, दुसरीवर माझी धाकटी बहीण.

धाकटी सतराला, रविवारी, येते आहे. नवऱ्याला न सांगता, एका पिशवीनिशी. त्या घरात तिला सकाळ-संध्याकाळ एकच ऐकायला मिळतं, तू असं केलंस तर मी तसं करीन. आणि तो मेला नुसतं बोलून थांबत नाही. तिला ठेवायला जागा हवी म्हणूनच मी चष्म्याच्या दुकानातली ही नोकरी धरली.

बुधवार, ६

दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायच्या. मालक तोंडाने कडू आहे, पण चहा वेळेवर देतो. हात रुळला.

संध्याकाळी लॅपटॉपवर ऑनलाइन बुद्धिबळ पुन्हा सुरू केलं. पूर्वी लोक टपालाने खेळायचे तसलं, एका चालीला तीन दिवसांची मुभा. ‘सावकाश’ नावाच्या कोणीतरी डाव मांडला. या खेळात एक सोय असते, तिला मी जर-तर म्हणते. समोरचा काय खेळेल याची खात्री असेल तर आपलं उत्तर आधीच भरून ठेवायचं. त्याने माझा घोडा मारला तर मी प्याद्याने मारणार, असं. मग आपण झोपा काढत असलो तरी चाल आपोआप पडते. समोरच्याने भलतंच काही खेळलं, तर मात्र भरलेलं सगळं रद्द होतं आणि स्वतः येऊन बसावं लागतं.

नाव सावकाश, पण उत्तरं पापणी लवायच्या आत येतात. बरंच भरून ठेवलेलं दिसतंय.

शुक्रवार, ८

हे जरा जास्तच झालं. एक-दोन चाली कोणीही ओळखेल. मी मुद्दाम वेड्यासारखे उंट नाचवले, तरी उत्तर तयार. मी कच्च्या गुरूची चेली नाही, म्हणून त्याचं खातं उघडून पाहिलं. शेवटची हजेरी चार वर्षांपूर्वीची. डाव तर परवा सुरू झाला! तक्रार केली. साइटवाल्यांनी गोड भाषेत कळवलं की चाली त्याच्याच आहेत, आधी भरून ठेवलेल्या आहेत, नोंदीत चूक नाही.

रविवार, १०

स्वयंपाकघराची खिडकी उघडली, तर मधल्या खोलीची मिटली. वारा असेल. नळ सोडला, तर बाहेरचा दिवा लागला. वायरिंग असेल. मग मी बाहेरच्या खुर्चीवर बसले, आणि समोरची खुर्ची वीतभर मागे सरकली. लगेच. माझं बूड टेकतंय न टेकतंय तोवर.

भित्यापाठी ब्रह्मराक्षस, असं आई म्हणायची. मी काही भीत नाही. पण रात्री उभ्यानेच जेवले, हे लपवून कशाला ठेवू?

मंगळवार, १२

घरमालकिणीला आधीच्या भाडेकरूबद्दल विचारलं. निवृत्त मास्तर होते म्हणे, एकटे. सगळं आधी ठरवून ठेवायचे. दिवसभर खिडकीशी पट मांडून बसायचे, आणि बोलायचे इतके हळू की गल्लीत त्यांना सगळे सावकाशच म्हणत. घर कधी सोडलं ते कोणी पाहिलं नाही. सामान इथेच राहिलं. तिने सहज सांगितलं आणि वाळत घातलेल्या चादरी काढायला गेली.

पटावर माझा राजा पळतोय. प्रत्येक वेळी पळायला एकच घर उरतं.

गुरुवार, १४

बाहेरचं दार सकाळपासून उघडत नव्हतं. घरमालकिणीने सुतार पाठवला. त्याने एका बोटाने ढकललं, उघडलं. माझ्याकडे बघून तो हसला. मग माझा चेहरा पाहून हसायचा थांबला. ताई, चला माझ्याबरोबर, दुसरीकडे राहा, असं म्हणाला. भला माणूस.

मी नाही म्हटलं. मी निघून गेले तर धाकटी रविवारी कोणाच्या दारात उभी राहणार? परत त्याच्याच ना? एकाच्या जर-तरला भिऊन ती जगते आहे, दुसऱ्याच्या जर-तरला भिऊन मी पळू? जमणार नाही.

तो गेला आणि दार मिटलं. आता उघडत नाही.

शुक्रवार, १५

मधल्या खोलीचं दारही मिटलं. मी लॅपटॉपसकट स्वयंपाकघरात. खिडकीला गज.

धाकटीला फोन केला. रविवारी नको, दोन दिवस थांब. ती रडली. ताई, मग मी जाऊ कुठे, म्हणाली.

“घर तुझंच आहे,” मी म्हटलं. “आधी ते रिकामं करते.”

ती काही विचारत होती. फोन बंद पडला. मी ठेवला नव्हता.

शनिवार, १६

सकाळ. राजाला शह. या वेळी दोन चाली आहेत. शहाणा माणूस राजा कोपऱ्यात नेईल. दुसरी म्हणजे वजीर आडवा घालायचा, फुकट मारून घ्यायचा. असं कोणी ठरवून ठेवणार नाही. कोणीच नाही.

घातला वजीर.

उत्तर नाही.

अजून नाही! नळ सोडला, काही झालं नाही. खिडकी उघडली, काही झालं नाही. मी मोठ्याने हसले. मास्तर, संपलं तुमचं आधी ठरवलेलं! मधलं दार आपोआप किलकिलं झालं. धाकटी, ये गं, उद्याच ये —

दुपार. भरलेलं सगळं रद्द. म्हणजे आता त्याला स्वतः —

पडद्यावर ओळ आहे. आता चाल सावकाशची. नावापुढे हिरवा ठिपका. चार वर्षांनी हजर.

बाहेर खुर्ची ओढल्याचा आवाज. कोणीतरी बसलं. विचार करतोय.

बाहेर पडायची वाट त्याच्यासमोरूनच आहे.

ठीक आहे. मीही जर-तर भरून ठेवते. पाणी उकळत ठेवलंय. पाठ भिंतीला लावून बसलेय. दाराने आला तर पातेलं तोंडावर. बोलला तर ऐकायचं नाही. धाकटीचं नाव घेतलं तर —  तर सुरी.

खुर्ची परत सरकली. उठला. पावलं हळू. फार हळू. ये की. घाबरतेय, पण उठणार नाही मी. हे घर तिचं —

पावलं दाराशी थांबली. आत कोणी येत नाही. चाल पडली वाटतं, पडदा उजळलाय —

दाराने आला तर ठरलंय. मागून आला तर — ते ठरवलं नाही. मागे भिंतच आहे. मागे भिंतच होती, आत्ता इथे भिंत —