देवच्या जेवणाचा काराबिनिएरे

सनीव्हेल, कॅलिफोर्निया
जून २००४

तीर्थस्वरूप आक्कास,

विष्णूचा साष्टांग नमस्कार. तुझा गुडघा आता जिना चढू देतो का? इथं सगळे खुशाल आहेत, मीच तेवढा अडचणीत आहे, म्हणून पत्र लांबणार. चष्मा लावून बैस.

सिद्धेश आणि सूनबाई कामावर गेले की देवला जेवू घालायचं काम माझ्याकडे. माझा हा नातू चार वर्षांचा, पण एक घास गालात धरून दुपार काढतो. शेवटी मी आपल्या घरची रीत वापरली आणि म्हटलं, जेव, नाहीतर पोलिसाला बोलावतो. आक्का, त्यानं स्वतःच फोन उचलून पोलिसांना बोलावलं. (इथं मुलांना बाराखडीआधी तो नंबर शिकवतात.) दोन धिप्पाड अधिकारी आले. त्यांनी भेंडीची भाजी पाहिली, मला पाहिलं, आणि देवला स्टिकर देऊन गेले. चहा विचारला तर नको म्हणाले. संध्याकाळी सिद्धेश मला म्हणाला, "बाबा, इथं असलं बोलायचं नाही. इथं पोलीस खरंच येतात. पुन्हा असं झालं तर मी त्याला डे-केअरमध्ये टाकणार." म्हणजे मी दिवसभर पार्किंगकडे बघत बसायचं. देवशिवाय माझं इथं आहे कोण, सांग.

मला हवा होता असा पोलीस, ज्याचा अमेरिकेत फोन नंबरच नाही. तो मला खालच्या मजल्यावरच्या विन्चेन्झोनं दिला. हा माझ्याच वयाचा इटालियन म्हातारा. त्यांच्याकडे पोलिसांना म्हणे एका नावावर भागत नाही. साधा पोलीस वेगळा, शहरातला रहदारीवाला वेगळा, आणि काराबिनिएरे त्याहून वेगळा. तो मूळचा फौजेतला शिपाई, पण काम पोलिसाचंही करतो. एक असला तर काराबिनिएरे, जोडीनं आले की काराबिनिएरी. विन्चेन्झोची आई त्यांचंच नाव घेऊन त्याला सूप पाजायची. (मला वाटायचं, ही अक्कल फक्त आपल्याकडे आहे.)

आठवडाभर देव मुकाट्यानं जेवला. सूनबाईची मैत्रीण अस्मिता हिनंही तो शब्द नेला, तिची मुलगी कारलं खाते. मग विन्चेन्झोनं शहाणपणा करून देवला फोटो दाखवला. सणाच्या पोशाखातला काराबिनिएरे. टोपीवर लाल-निळा तुरा, खांद्यावर चंदेरी झालर, कमरेला तलवार. भीती तिथंच संपली. आता देव त्याच्यासाठी शेजारी ताट मांडायला लावतो. त्यानं त्याला स्वतःच्या वाढदिवसाला बोलावलंय, आणि तो येईपर्यंत आपणही जेवणार नाही, असं जाहीर केलंय. अस्मिताच्या मुलीनं पाठिंबा दिलाय. विन्चेन्झोला म्हटलं, तू हो काराबिनिएरे. तो पांढराफटक पडला. म्हणाला, ज्याच्या धाकानं जन्मभर सूप प्यालो, त्याचे कपडे मी अंगावर घेणार नाही. उरलो मी.

सिद्धेशला यातलं काही माहीत नाही. त्याला वाटतं, पोरगं माझ्या मायेनं जेवतंय. तेवढं तसंच राहू दे. बाकी ठीक.

तुझा धाकटा भाऊ,
विष्णू

ता. क. : मिरजेच्या आपल्या जगन्नाथ बँडवाल्याचा गणवेश आठवतो ना? फोटोतला काराबिनिएरे डिट्टो तसा दिसतो. पुढच्या महिन्यात तुझा राजेश इकडे येतोय, त्याच्या बॅगेत तो गणवेश तुऱ्यासकट पाठव. तलवार नको, विमानात घेत नाहीत.

पुन्हा ता. क. : गणवेशाचं राहू दे. आत्ताच देवनं विचारलं, "आजोबा, काराबिनिएरे जेवला नाही तर त्याच्या घरचे कोणाला बोलावतात?" मी खरं तेच सांगून टाकलं: मिरजेच्या आक्काला. लहानपणी ती मला कशी जेवू घालायची तेही सांगितलं. त्यानं भेंडी संपवली, काराबिनिएरेच्या ताटातलीही. तेव्हा राजेशबरोबर तुझा एक फोटो पाठव, जेवणाच्या टेबलासमोर लावायचाय. हसरा नको.