बेसमेंटातला काशिनाथ आणि माझा उखाणा

६ जानेवारी, मिल्टन, कॅनडा
बेसमेंटात भाडेकरू आला. पोलंडचा. तिकडं सिरियलमध्ये डॉक्टर व्हायचा, आता गाणी करतो. नाव काझिमिएश. आमच्या गावच्या शाळेत असलं शिकवलं नव्हतं. मी काशिनाथ ठेवलं. गिटारवर इतकं हळू गातो की मी विचारलं, कुणी आजारी आहे का? नात ईशानी म्हणाली, "आजी, इट्स इंटिमेट."

९ जानेवारी
काशिनाथला थालीपीठ दिलं. त्यानं ईशानीकरवी विचारलं, तुमच्याकडचं काही म्हणता का. मी उखाणाच घेतला:
बाहेर पडला बर्फ, घरात तापला हीटर,
बळवंतराव असते तर बघत बसले असते मीटर.
सहा वर्षांनी ह्यांचं नाव घेतलं. विधवेला कोण विचारतंय? त्यानं माईक पार तोंडाशी आणला. दोनदा म्हणायला लावलं. ब्युटिफुल म्हणाला.
ओळखलं मी. रेकॉर्ड निघणार. उद्यापासून ठेचा बंद, आवाजासाठी.

१० जानेवारी
ठेचा थोडाच खाल्ला. घसा शेकायला.

१३ जानेवारी
चोवीसला सूनबाई उल्काचं हळदीकुंकू. काशिनाथ नवीन गाणं ऐकवणार. मागच्या वर्षी मी वरच्या खोलीत, पाहुण्यांच्या कोटांबरोबर. उल्का म्हणाली होती, आई, तुम्हालाच ऑकवर्ड होईल. किती ती काळजी! यंदा बोलवावंच लागेल, गाण्यात मीच आहे. तिला म्हटलं, पेन आणून ठेव गं, बायका माझी सही मागतील. ती लाडू वळत राहिली. जळते.

२० जानेवारी
शैलेंद्रला विचारलं, मी कुठं बसायचं? म्हणाला, आई, उल्काशी बोल ना. बायकोला भितो. बापावरच गेलाय.

२४ जानेवारी, दुपारी ३
जांभळी साडी नेसून तयार. उल्का आली, कोटांचा ढीग पलंगावर टाकून गेली. गडबडीत असेल. मोठ्या कलाकाराला शेवटीच बोलवतात. दार उघडं ठेवलंय.

संध्याकाळी ६
गाणं संपलं. जिन्यात बसून ऐकलं. उखाणा नाही. बळवंतराव नाहीत. हीटरसुद्धा नाही.
काशिनाथ हसत वर आला. ईशानीनं सांगितलं, शब्द कापले. पण नाव घ्यायच्या आधी आजीनं श्वास घेतला ना, तो ठेवलाय. एकदम सुरुवातीला. त्याला तोच सगळ्यात खरा वाटला.
खाली बायका एकेक करून नवऱ्याचं नाव घेतायत. टाळ्या.
मीही घेणार होते. इथंच, कोटांसमोर. सरळ बसले, श्वास घेतला.
तेवढ्यात कुणीतरी कोट मागायला आलं.