गाडी दारापर्यंत

७ डिसेंबर
गाडी आली! एसयूव्ही, पण चारचौघींसारखी नाही. मागून छत घसरत खाली येतं, पुढून नाकच नाही. बर्था म्हणाली, हिचां तोंड खंय आसा? बायकोला डिझाइन कळत नाही.
मेल्विनाचं लग्न एकोणतीसला. मुलीला शब्द दिलाय. घराच्या दारातून या गाडीत बसवून चर्चला नेणार आणि हात धरून आल्तारीपर्यंत, वेदीपर्यंत, मीच नेणार.
फादरनी गाडीवर पवित्र पाणी शिंपडलं. वायपर आपोआप सुरू झाले. सेन्सर उत्तम.

९ डिसेंबर
फोंडाघाट चढवली. दम नाही, धाप नाही. (बर्थाला उलट्या.) लेन सोडली की स्टिअरिंग स्वतःच हात ओढतं. रस्ता आपल्यालाच जास्त कळतो असं गाडीला वाटतं. होईल सवय तिला.

१३ डिसेंबर
सँड मोड तपासायला किनाऱ्यावर नेली. मोड चांगला, वाळू वाईट. शेवटी मासे धरणाऱ्या रापणकरांनी जाळं बाजूला टाकून दोर गाडीला बांधला आणि रापणीसारखी ओढून काढली. एक जण म्हणाला, मास्तरांनू, आज मोठी मोरी गावली. गाडीला शार्क म्हणतो! हसण्यावारी नेलं.
सगळ्या मोडांचं पुस्तक रविवारी नक्की वाचायचं.

१८ डिसेंबर
गाडी अजून रस्त्यावरच, खुरसापाशी, म्हणजे क्रॉसजवळ. घराकडे येणारी पाणंद म्हणजे माझा गडगा, चिऱ्यांची कुंपणभिंत, आणि शेजारच्या परशुरामचा गडगा यांच्यामधली वाट. त्यात एक वळण. गाडी घेताना टॉर्क, एअरबॅग, गार होणाऱ्या सीटा, सगळं पाहिलं. रुंदी पाहायला वेळ झाला नाही.
परशुराम आला होता. म्हणाला, मास्तरांनू, ही हयसर शिरूची नाय. चेडवाच्या लग्नाक दोगांनीय गडगो हातभर मागे घेवया.
या गडग्यासाठी मी त्याच्याशी कोर्टात लढलो, जिंकलो. ठणकावून सांगितलं, माझा एक चिरा हलणार नाही. गाडी मावेल. तो चहा न घेताच गेला.

२४ डिसेंबर
सराव. पाणंदीत तोंड घातलं की गाडी किंचाळते आणि आपणच ब्रेक मारते. भित्री आहे. शोरूमच्या माणसाला फोन केला. म्हणाला, सर, प्लीज ती सिस्टिम बंद करू नका.
म्हणजे बंद करता येते!
पुस्तक राहिलंच. पाहुणे फार.

२८ डिसेंबर
आज रोस, आमच्याकडची हळद. मेल्विनाला नारळाचा रस लावताना डोळे भरून आले. ती हळूच म्हणाली, पप्पा, रस्त्यापर्यंत चलत जावया, माका चलात. पोर माझ्या काळजीनं बोलते. उद्या दारात हॉर्न ऐकेल तेव्हा कळेल.

२९ डिसेंबर, सकाळी
सूट घातला. आरसे मिटले. सिस्टिम बंद. निघालो.

थोड्या वेळानं
वळणावर आहे. तोंड परशुरामच्या गडग्याला, डिकी माझ्या गडग्याला. पुढे नाही, मागे नाही. दारं उघडत नाहीत. काच खाली होते, पण बाहेर चिराच. छत काचेचं, पण न उघडणारं. पावसाळ्यात गळती नको म्हणून मीच निवडलं होतं. ही वही पुढच्या खणात होती, तेवढं बरं.
वाट बंद. नवरी घरात अडकली. बर्था दारापुढच्या खळ्यातून ओरडली, आता तुमी थंयच ऱ्हवा!
राहतोच आहे.

नंतर
परशुरामनं गाडीच्या पुढे, आमच्या घराकडे, आपला गडगा फोडला. मला विचारलंसुद्धा नाही. स्वतः चिरे उपसून त्याच्या खळ्यातून रस्त्यापर्यंत वाट केली.
कॅमेऱ्यात सगळं दिसतं, चित्र फार स्वच्छ. त्याची बायको आनंदीबाई नवरीची जाळीची ओढणी उचलून धरत होती. मेल्विना फुटलेल्या गडग्यापाशी थांबली, गाडीकडे बघत राहिली. मी हात हलवला. दिसला की नाही, कळलं नाही. मग परशुरामच्या मुलानं, सर्वेशनं, रिक्षा सुरू केली.
माझी पोर गेली.

घंटा वाजल्यावर
बर्थाचा फोन. लग्न लागलं. आल्तारीपर्यंत कोणी नेलं, विचारलं. म्हणाली, परशुरामान. मेल्विनानंच त्याका हात दिल्यान.
माझ्या गडग्याचा एकही चिरा हललेला नाही.
सीट अजून गार आहे.